दुसरी ओळ गावाची

देऊळटोला, ता. कुरखेडा
१८ ऑगस्ट २०२३

अन्नपूर्णाबाईंना देऊळटोल्याच्या दुर्गा मडावीचा जोहार.

तुमची माझी ओळख नाही. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातले माझे सर म्हणाले, "नाकाडे बाई दर साली एका नव्या लेखकाचं नाटक वडशाच्या कंपनीकडून उभं करून घेतात. पण त्यांना फोन करू नको, पत्र लिही." म्हणून हे पत्र. फोनला काय झालं हे सरांनाही माहीत नाही.

मी बी. ए. झाले आणि घरी आहे. धान, मोहफूल, तेंदूपान यातून वेळ उरला की लिहिते. सोबत माझं संगीत नाटक पाठवते आहे, 'वाघाची साक्ष'. गाणी मीच लिहिली आहेत. चालीही माझ्याच आहेत, पण त्या कागदावर कशा पाठवायच्या ते कळलं नाही.

माझ्या आईने, मंगलीबाईने, तुमचं नाटक कुरखेड्याला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पाहिलं होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. परत येताना आख्खी वाट ती तुमचं गाणं म्हणत आली. अजून भांडी घासताना म्हणते. मी पत्र लिहिते आहे म्हटल्यावर म्हणाली, "त्या बाईले सांग, गानं माह्याजवळ सांभाळून आहे. पायजे तं घेऊन जा."

उत्तराची वाट बघते.

दुर्गा

*

ब्रह्मपुरी
२ सप्टेंबर २०२३

चि. दुर्गास आशीर्वाद.

फोन मी घेते. नव्या लेखकाचा घेत नाही. फोनवर सगळेच गोड बोलतात. पत्रात माणूस दुसऱ्याला कसं बोलतं करतो ते दिसतं, आणि नाटक लिहिणाऱ्याचं मला तेवढंच बघायचं असतं. तुझ्या पत्रातली आई मला तुझ्या नाटकातल्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त आवडली. यात तुझी तारीफ किती आणि तक्रार किती ते तू ठरव.

नाटक दोनदा वाचलं. तुला गाणं कळतं. दुसऱ्या अंकातलं मोहाच्या फुलांचं पद वाचता वाचताच मला गुणगुणावंसं वाटलं, आणि चाल पाठवलेली नसताना हे झालं. पण बाळ, तुझ्या वाघाला दोन पानांचं स्वगत आहे. वाघ इतका बोलत नाही म्हणून तर लोक त्याला भितात. शिवाय तो चार वेळा रंगमंचावर येतो. आमच्या कंपनीत वाघाच्या कातड्यात मावेल असा एकच नट आहे आणि तोच तुझा पाटील आहे. पाटील वाघाला गोळी घालतो तेव्हा काय करायचं?

म्हणून हे नाटक यंदा नाही. तू यंदा प्रॉम्प्टिंगला ये. टेंभूर नाट्यमंडळाचे मालक धनराज माझ्या शब्दाला मान देतात, त्यांना सांगून ठेवलं आहे. आमच्या झाडीपट्टीत नट आठवड्यात तीन-तीन नाटकं करतात. पाठ कुणाचंच नसतं. विंगेत बसून प्रॉम्प्टर अख्खं नाटक वाचतो, नट ते ऐकून बोलतो. नियम एकच. तुझा आवाज नटाच्या कानाला लागला पाहिजे, प्रेक्षकाच्या नाही. भाऊबीज झाली की वडशाला हजर हो.

आईला म्हणावं, गाणं राहू दे तिच्याजवळच. माझ्यापेक्षा तिथे ते बरं राहील.

अन्नपूर्णा नाकाडे

*

वडसा
११ जानेवारी २०२४

अन्नपूर्णाबाई, जोहार.

दोन महिने पत्र लिहिलं नाही कारण मी रागावले होते. आधी ते सांगून टाकते. मी लिहायला आले आणि तुम्ही मला दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचायला बसवलं. पहिले आठ दिवस मी रोज ठरवत होते, उद्याची काळीपिवळी पकडून घरी जायचं. मग हट्टाने राहिले. बाईंना दाखवूनच जायचं असं वाटत होतं.

आता काय दाखवायचं होतं तेच विसरले आहे.

विंगेत पडद्याला टेकून टॉर्च धरून बसते. एका नटाला लांब वाक्य दिलं की तो मधेच माझ्याकडे बघतो, म्हणून मी त्याची वाक्यं मोडून देते. मोडलेलं वाक्यच बरं लागतं हे मग कळलं. विनोदी पात्र आलं की लहान पोरं जागी होतात. आईचं काही दुःख आलं की बायका पदर सावरून बसतात. हे मला दिसत नाही, ऐकू येतं. शेतात खड्डा करून लोक बसवलेले असतात, त्यांचा श्वास सरळ स्टेजवर येतो. नाटक कुठे सैल पडलं ते त्या श्वासावरून कळतं.

आणि ललिताबाई. आमच्या नायिका. परवा अंगात ताप होता. विंगेत येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवायच्या, संवाद आला की उठून जायच्या. गाणं झालं, वन्समोर आला, परत गाणं झालं. आत आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तू कानात आहेस म्हनून मले भेव नाई वाटत." बाई, माझं लिहिलेलं वाचून कुणी मला असं कधी बोललं नव्हतं.

एक खंत आहे. इतकी नाटकं केली पण एकही समोरून पाहिलं नाही. सगळी बाजूनेच पाहिली.

माझ्या नाटकातला वाघ मी काल मारला. स्वगतासकट.

दुर्गा

*

ब्रह्मपुरी
२० जानेवारी २०२४

चि. दुर्गा,

वाघ गेल्याचं वाचून बरं वाटलं. पाटलाला आता श्वास घेता येईल.

तुझं पत्र मी शेजारच्या सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, ही पोरगी तं पुढी जाईन." मी म्हटलं, मला आधीच माहीत होतं. माहीत नव्हतं, पण मोठ्या माणसाने असंच बोलायचं असतं.

हंगाम संपला की घरी जा. लिहायला बसू नकोस. आधी धानाचा रोवणा कर. हात चिखलात असले की डोकं गप्प राहतं, आणि तुझ्या डोक्याला त्याची गरज आहे.

अन्नपूर्णा

*

देऊळटोला
२५ ऑगस्ट २०२४

अन्नपूर्णाबाई, जोहार.

रोवणा केला. तुमचं ऐकलं, आणि नाटक चिखलातच सापडलं.

आमच्या गावात रोवण्याचं गाणं आई धरते. वीस-पंचवीस बायका वाकून धान रोवत मागे मागे सरकतात आणि गाण्यावर सगळ्यांचे हात एकदम चालतात. आईच्या आधी हे गाणं एक म्हातारी धरायची. तिचे हात थकले तेव्हा तिच्या मुलाने तिला सांगितलं, आता धानाच्या बांधीत येऊ नको, तू मागं राहते, तुझ्याने सगळ्यांचं काम अडते. ती धुऱ्यावर, शेताच्या कडेला, येऊन बसायची नुसती. यंदा आई हे सांगत होती तेव्हा माझे हात थांबले आणि आईने मला हाणायचंच बाकी ठेवलं.

तेच नाटक आहे. नाव 'थांबलेला हात'. म्हातारीचं नाव रुखमा ठेवलं. शेवटच्या अंकात ती धुऱ्यावरून उठते, चिखलात पाय घालते आणि गाणं म्हणते. बाकीची पदं माझी आहेत, हे मात्र आमच्याकडच्या रोवण्याचंच आहे, कुरखेड्याकडच्या कोणत्याही बाईला येतं.

पाय माहे चिखलात बाई, हात माहा थांबला,
थांबला तं थांबू दे, माहा हात चालते.

शेतात ते साधंच म्हणतात. मी स्टेजसाठी नीट बांधून घेतलं आहे. दोन्ही ओळी रुखमाला दिल्या आहेत, दुसरीला वरच्या सुरात मोठी तान आहे. ती तान लागली की नाटक लागलं. सगळं नाटक त्या तानेवर उभं आहे.

वाघ कुठेही नाही. बैलसुद्धा नाही.

दुर्गा

*

ब्रह्मपुरी
१२ सप्टेंबर २०२४

चि. दुर्गा,

तिसऱ्या अंकात मुलगा आईच्या हातातली धानाची रोपं काढून घेतो आणि बायकोच्या हातात देतो. एक शब्द बोलत नाही. तिथे मी वही खाली ठेवली, उठले, चहा केला, तो प्यायला विसरले. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ नवी नाटकं वाचली. काही चांगली होती, काही मी चांगली करून घेतली. तुझ्या या नाटकाला मी हात लावणार नाही. लावायला जागाच ठेवली नाहीस तू. खोटं कौतुक मला जमत नाही हे कंपनीत कुणालाही विचार, पुष्कळजण अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दोन पदं मात्र काढ. पहिल्या अंकातलं आणि सुनेचं दुसरं. चांगली आहेत, म्हणून दुखेल. काढच.

धनराज नाटक करायला तयार आहेत. कसे तयार झाले ते विचारू नकोस. पण त्यांनी एक गोष्ट साफ सांगितली, ती तुझ्यापासून लपवत नाही. ते म्हणाले, "बाई, नव्या लेखकाच्या नावानं गावं नाटक ठरवत नाई. तुमच्यासाठी करून राह्यलो. पयला प्रयोग पडला तं हे शेवटचं. पुढच्या साली कोनी नवा लेखक घेऊन माह्याकडं येऊ नका." तेव्हा तुझ्या मागे रांगेत कोण पोरं उभी आहेत ते तुला दिसत नसलं तरी मला दिसतं. दोघांची नाटकं तर माझ्या उशाशीच आहेत.

पहिला प्रयोग तुमच्या देऊळटोल्याच्या मंडईत ठरला आहे. आईला सांग.

अन्नपूर्णा

*

देऊळटोला
६ ऑक्टोबर २०२४

अन्नपूर्णाबाई, जोहार.

आईला सांगितलं. तिने लगेच अंगण सारवायला घेतलं. मंडईला अजून महिना आहे.

दोन्ही पदं काढली. दुखलं.

आता एक तक्रार करते, रागावू नका. ललिताबाईंचा फोन आला होता. रुखमा त्यांना मिळेल असं मी धरूनच चालले होते. त्या म्हणाल्या, "नाई वं, मी सून करून राह्यली. रुखमाले धनराजभाऊ कोनी जुन्या बाईले आनते म्हनते. लय वर्षांत स्टेजवर नाई आली. आवाज बी गेला म्हनते तिचा." बाई, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत असतं तर तुम्ही होऊ दिलं नसतं. त्या तानेवर सगळं नाटक आहे हे मी लिहिलं होतं. आवाज गेलेली म्हातारी तिथे उभी केली तर गावासमोर, आईसमोर माझं नाटक पडेल, आणि तुमच्या उशाशी असलेल्या त्या दोघांचंही. कुणाचे जुने संबंध सांभाळायचे म्हणून असं करू नये. धनराजभाऊंना सांगून त्यांना काढा. ललिताबाईंना म्हातारी करता येते, केसांना पांढरं लावलं की झालं.

मी स्वतः वडशाला जाऊन बोलले असते, पण धान कापणीला आलं आहे.

दुर्गा

*

ब्रह्मपुरी
१४ ऑक्टोबर २०२४

चि. दुर्गा,

त्या बाईला मी ओळखते. ललिताने सांगितलं ते खरं आहे. वरच्या सुरात तिचा आवाज फाटतो आणि श्वास पुरत नाही. तिला हे कुणी सांगायची गरज नाही, तिच्या घरच्या आरशाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक आहे.

पण तिला काढता येत नाही. गावची मंडळी वडशाला नाटक ठरवायला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "कोन कोन हाय नाटकात?" लेखक कोण हे कोणी विचारत नाही. हिचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, म्हणून हे नाटक ठरलं. तिला काढलं तर नाटकही जातं.

तेव्हा लेखिकाबाई, तिने ते गाणं कसं म्हणावं ते तूच लिही. भीड ठेवू नकोस. शब्द न शब्द तिच्यापर्यंत पोचवते.

अन्नपूर्णा

*

देऊळटोला
२१ ऑक्टोबर २०२४

अन्नपूर्णाबाई, जोहार.

विचारलंत म्हणून लिहिते. त्यांना सांगा, तान घेऊ नका. तानेचा हट्ट मी सोडला. ज्या आवाजात बोलता त्याच आवाजात म्हणा. जिथे श्वास संपेल तिथे थांबा. थांबल्यावर रडू नका. आवाज गेला की म्हाताऱ्या नट्या रडून झाकतात, मी हंगामभर विंगेतून ऐकलं आहे, लोकांनाही ते कळतं. रुखमा रडणारी नाही. तिचा हात थांबला तेव्हाही ती रडली नव्हती. गाणं अर्धं राहिलं तर राहू द्या. पडलं तर सरळ उभ्या उभ्या पडू द्या.

एवढं त्यांना जमलं तर माझी तक्रार नाही.

धनराजभाऊंनी मला दुसऱ्या संचात घातलं आहे. त्या नाटकाचं प्रॉम्प्टिंग दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणजे माझ्या गावात माझं नाटक असेल आणि मी सिंदेवाहीकडे असेन. ठीक आहे.

दुर्गा

*

कुरखेडा स्टँड
२ नोव्हेंबर २०२४

अन्नपूर्णाबाई,

इथे पानठेल्यावर पोस्टर लागलं आहे. 'थांबलेला हात'. सगळ्यात वर तुमचं नाव आहे, माझ्या नावाच्या चौपट मोठं, आणि लुगडं नेसलेला तुमचा फोटो.

गाडी गेली. मी इथेच बसून आहे. काय काय लिहिलं मी तुम्हाला. ही चिठ्ठी आमच्या गावच्या सुकलूभाऊच्या जीपने पाठवते आहे, तो तुमच्या हातात देईल. मला काहीच लिहिता येत नाही.

दुर्गा

*

ब्रह्मपुरी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. दुर्गा,

फोनवर तुला कुणी ना कुणी सगळं सांगितलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण तिथे उभी मी होते.

आधी तुझ्या चिठ्ठीचं. तू जे लिहिलंस त्यातला एक शब्द परत घेऊ नकोस. तुझं एकवीस तारखेचं पत्र मी रंगपटात आरशाला लावलं होतं. एवढ्या वर्षांत मला पुष्कळांनी हार घातले, गाणं कसं म्हणावं हे असं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. आणि तुझ्यापासून लपवलं ते मुद्दाम. तुला कळलं असतं तर तू भीड धरली असतीस आणि मला ते पत्र मिळालं नसतं.

तुमच्या गावाने बांधीतच खड्डा केला होता, निघालेल्या मातीचं स्टेज. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. जावई, पाहुणे, सगळा गोतावळा. पहिले तीन अंक ललिताने आणि बाकीच्यांनी उचलून धरले. रोपं काढून घेण्याच्या वेळी इतकं शांत झालं की ऑर्गनवाला लोकेश बोटं उचलून बसला, त्याला वाजवायचा धीर होईना.

मग माझा अंक. मी चिखलात पाय घातला, म्हणजे ओल्या पोत्यावर. पहिली ओळ म्हटली, बोलायच्या आवाजात, तू सांगितलंस तशी. ती झाली. दुसरीला श्वास घ्यायला गेले तर आत काहीच नाही. तोंड उघडलं, आवाज आला नाही. प्रॉम्प्टर बिचारा विंगेतून ओळ देतच होता, दोनदा, तीनदा. ओळ मला येत होती, श्वास येत नव्हता. डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी मला तुझी आठवण झाली. रडायचं नाही. मी नुसती वाकून उभी राहिले, हात खाली. मनात म्हटलं, धनराज गेला, ती दोन नाटकं गेली, ही पोरगी गेली.

आणि बायांच्या बाजूने एका बाईने दुसरी ओळ घेतली. साधी, शेतातली. थांबला तं थांबू दे, माहा हात चालते. तिच्या मागून आख्खी बाजू. दुर्गा, त्यांनी काही ठरवलं नव्हतं. कुणी उठून उभं राहिलं नाही, कुणी माझ्याकडे बघत होतं असंही वाटलं नाही. बसल्या बसल्या हात हलत होते. मी परत पहिली ओळ म्हटली, त्यांनी परत दुसरी. किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. पडदा ओढणारासुद्धा गात होता, म्हणून पडदा उशिरा पडला.

नंतर ती बाई आत आली. हातात धानाच्या कणसांची एक जुडी. म्हणाली, "मी दुर्गाची माय." मी पाया पडायला वाकले तर तिने धरलं. मग जरा रागानेच बोलली. "बाई, तुमी काऊन दुसरी वोळ म्हनाले गेल्या? गानं धरनारीनं पयलीच म्हनाची असते. दुसरी बाकीच्याईची. नाई तं ते कायले येतीन रोव्याले?"

तुझी आईच गाणं धरते, तिच्याच पोरीने दोन्ही ओळी एकीला दिल्या. स्टेजला शोभावं म्हणून दिल्या, हे मला कळतं. मीसुद्धा पन्नास वर्षं स्टेजला शोभावं म्हणूनच गायले, आणि मलाही ते वाचताना खटकलं नाही. म्हणून मी तुझ्या वहीला हात लावणार नाही म्हटलं होतं तो शब्द मोडते आहे. दुसरी ओळ रुखमाच्या नावावरून खोडली. तिथे 'गाव' असं लिहिलं.

सकाळी धनराजांनीच मला विचारलं, "बाई, उशाशी दोन नाटकं हाय म्हनत होत्या, तं आना एक."

आईचं गाणं मी तिच्या तोंडून ऐकून आले. माझं होतं ते. तिच्याजवळ चांगलं राहिलं आहे.

अन्नपूर्णा

*

वडसा
१९ जानेवारी २०२५

अन्नपूर्णाबाई, जोहार.

माजरीहून येताना जीपमध्ये तुम्ही झोपल्या होत्या, किंवा झोपल्यासारखं केलंत. मला बोलायचं होतं. आता लिहिते.

तुमच्या शेजारच्या विंगेत बसायला मिळणार म्हणून मी डिसेंबरपासून दिवस मोजत होते. तुम्हाला पहिल्यांदा जवळून पाहिलं. अंक सुरू व्हायच्या आधी तुम्ही स्टेजच्या मातीला हात लावता आणि मग माझ्याकडे बघून भुवई उडवता. आईने सांगितलेल्या तुम्ही आणि समोरच्या तुम्ही, मला दोघी एकदम दिसत होत्या. टॉर्च धरायचं भान राहिलं नाही. माफ करा.

माजरीची भीती मला आधीपासून होती. धानाच्या गावांमध्ये बायका दुसरी ओळ घेतात, कारण त्यांच्या हातात ती आहे. पण तिथे सगळे कोळशाच्या खाणीतले. कुणी तेलंगणाकडचं, कुणी बिहारचं, कुणी आपल्याकडचं पण दोन पिढ्या रोवणा न पाहिलेलं. मी धनराजभाऊंना म्हटलंही होतं, इथे ओळ परत रुखमाला द्या. ते म्हणाले, "बाई नाई म्हनते."

तुम्ही पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. समोरून काही आलं नाही. तुम्ही परत म्हटली. परत काही नाही. खुर्च्या वाजल्या, एक मूल रडलं. तुम्ही वाकून उभ्या, हात खाली. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी ओळ दिली असती, हळू, तुमच्या कानापुरती. पण तुम्हाला ओळ नको होती.

मग मी मोठ्याने म्हटली. गायलीच. विंगेतून, बसल्या जागेवरून, शेतात आई म्हणते तशी. प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकाला जाऊ नये, हे तुम्ही मला पहिल्या पत्रात सांगितलं होतं. तो आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

तुम्ही तिसऱ्यांदा पहिली ओळ धरली. या वेळी मी म्हणायच्या आधी मागून कुणीतरी म्हटली. नंतर कळलं, कुरखेड्याकडचीच, लग्न होऊन खाणीच्या वसाहतीत आलेली. मग दोघी-तिघी. मग ज्यांना शब्द कळत नव्हते त्यांनी नुसता सूर धरला. एक तेलुगू म्हातारी तिच्याच भाषेत काहीतरी म्हणत होती आणि ते बरोबर बसत होतं.

मी वही मिटून ठेवली. पुढे वाचायला काही नव्हतं.

पण नियम मोडला तो मोडलाच. धनराजभाऊ दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. तुम्हीही जीपमध्ये बोलल्या नाहीत. तुम्ही रागावल्या असाल तर तसं लिहा. मी पुढच्या प्रयोगाला गप्प राहीन.

दुर्गा

*

ब्रह्मपुरी
२६ जानेवारी २०२५

चि. दुर्गा,

जीपमध्ये मी झोपले नव्हते. बोलले असते तर रडले असते, आणि रडून झाकायचं नाही असं एका लेखिकेने मला बजावलं आहे.

मी माजरीला ओळ बदलू दिली नाही याचं कारण सांगते. मला वाटलं होतं, कुणीतरी घेईल. कोण घेईल ते माहीत नव्हतं. वाकून उभं राहायचं आणि समोरून कुणीतरी ओळ घेईल म्हणून थांबायचं, यात किती भीती असते ते तुला विंगेतून दिसलं. मी दर साली नवा लेखक शोधते तेव्हाही तेवढीच भीती असते. लोक त्याला मदत म्हणतात. मी पहिली ओळ म्हणते आणि थांबते, एवढंच आहे ते. कधी कधी वर्षभर मागून काही येत नाही. तुझा आवाज आला.

धनराज रागावलेले आहेत हे खरं. ते म्हणतात, प्रॉम्प्टर गायला लागली तर उद्या पडदा ओढणारा नाचेल. मी म्हटलं, देऊळटोल्याला तो गातच होता. मग ठरवलं की नियम मोडणारीला शिक्षा झालीच पाहिजे. तुला प्रॉम्प्टिंगवरून काढलं आहे. तुझ्या जागी पुनम येईल. ती 'वैनगंगेची पोर' नावाचं नाटक घेऊन माझ्याकडे आली आहे. त्यात मगर आहे आणि मगर गाते. तिला जरा विंगेत बसू दे.

आठ फेब्रुवारीला कुरखेड्याला बैलांच्या शर्यतीचा शंकरपट आहे, तिथे आपला प्रयोग. तू आईला घेऊन ये. लेखिका म्हणून स्टेजवर बोलवतील, जाऊ नकोस. बायांच्या बाजूला खाली मातीवर बस. तुझं नाटक तू अजून एकदाही समोरून पाहिलेलं नाहीस.

मी पहिली ओळ म्हणेन आणि थांबेन. या वेळी समोर कोण बसलं आहे ते मला माहीत असेल.

अन्नपूर्णा